घुशीचा डोळा

आतून ठोकण्याचा आवाज येत होता तोवर सगळं ठीक होतं.

म्हणजे ठीक कसलं. बोगद्याचं तोंड बसलं होतं, जाडजूड टेकू कडाकड मोडले होते आणि बाकीचे सगळे बाहेर पळाले तरी एक माणूस आतच राहिला होता. पण तो ठोकत होता. दगडावर दगड. ठोकतोय म्हणजे अजून माणूस आहे.

आता ठोकणं थांबलं होतं. आता नुसतं खरवडणं. आणि ते खरवडणं वर येत नव्हतं, खाली चाललं होतं.

ढिगाऱ्याला कान लावून बसलेल्या काडीला हे सगळ्यात आधी कळलं. 

काडी म्हणजे आत अडकला त्याची बायको. अंगानं एवढी बारीक की लग्न होऊन आली त्या दिवशीच वस्तीनं बारसं करून टाकलं. धंदा गोंदायचा. खोदणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनगटावरची घूस हिच्याच सुईतून उतरलेली. तशी ती सगळंच गोंदायची. हमालांच्या पाठीवर रेडा, पहारेकऱ्याच्या मानेवर घुबड, नावाड्याच्या बरगडीवर पाणमांजर. पण इथं काम बोगद्याचं, म्हणून घुशीच जास्त. मनगटावरच्या घुशीला थुंकी लावून चोळली की ती जागी होते. नखं जाड होतात, अंधार पातळ होतो, माती लोण्यासारखी कापली जाते.

जागं करणं सोपं. झोपवायला हाक लागते.

आणि हाक म्हणजे कुणीही यावं नि ओरडावं, असं नाही. गोंदणात डोळा सगळ्यात शेवटी असतो. एकच टोचा, आणि तो घरच्याच माणसानं द्यायचा. तो टोचताना टोचणाऱ्याच्या तोंडून जे निघेल तीच त्या माणसाची हाक, आणि ती चालणार त्याच आवाजात. ह्याला डोळा उघडणं म्हणतात. डोळा वर्षभरात फिका पडतो, मग परत गिरवायचा. संध्याकाळी घरच्या माणसानं बोगद्याशी जाऊन हाक द्यायची, आतली घूस झोपते, माणूस हात झटकत बाहेर येतो. हाक चुकली तर घूस जागीच राहते. आधी माणसाचं बोलणं जातं. मग नावं जातात. मग ज्यांची ती नावं, ती माणसं.

नवऱ्याच्या मनगटावरचा डोळा आधी त्याच्या आईनं उघडलेला. लग्न झालं तशी गिरवायची पाळी काडीवर आली. ती सुई टेकवणार, तेवढ्यात ह्या पठ्ठ्यानं दोन्ही हात डोक्यामागं घेऊन, "हाऽऽ" असा लांबलचक सूर काढत जांभई दिली. काडीच्या तोंडून निघून गेलं, "ए आळशा, हात!" आणि सुई टेकली.

झालं. बांधली गेली हाक.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती बोगद्याशी उभी राहून "ए आळशाऽऽ" म्हणून ओरडायची, आतून "आलो गं बाई, आग लागलीय का कुठं?" असं उत्तर यायचं आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

परवापासून कुणी हसलं नव्हतं. ओरडून ओरडून काडीचा घसा बसायची वेळ आली, पण एवढ्या मातीतून हाक जातेय कुठली.

"मोठे टेकू निघालेत," मुकादम म्हणाला. "ते येईपर्यंत मातीला कुणी हात लावायचा नाही."

"येणार कधी?"

"निघालेत म्हटलं ना, वहिनी."

"तो खाली चाललाय."

मुकादमानं टोपी काढली, परत घातली. त्यालाही ऐकू येत होतं.

पहिलवान म्हणून एक खोदणारा होता, नवऱ्याचा जिवलग. तो चिखलानं माखून बाजूला बसला होता. "मी घुसलो होतो, वहिनी," तो खाली बघूनच म्हणाला. "वरच्या अंगाला फट आहे एक. पण माझ्या खांद्यानं आणखीच माती आली. आमच्यातला एकही तिथं मावायचा नाही. सगळे खाऊन खाऊन माजलोत."

 सगळ्यांच्या नजरा काडीच्या खांद्यांवर आल्या आणि चोरट्यासारख्या दुसरीकडे वळल्या. गोंदणारीकडं असं बघायचं नसतं. गोंदणारीच्या अंगावर जनावर नसतं. एकदा का तिच्या अंगात जनावर शिरलं, की तिच्या हातची शाई दुसऱ्याच्या कातडीत बसत नाही. हात गेला म्हणजे धंदा गेला.

काडी उठली आणि घराकडे पळत सुटली.

घर म्हणजे एकच खोली. खिडकीखाली गोंदायचा पाट, काजळीची वाटी, दोऱ्यानं बांधलेल्या सुयांचा जुडगा. पलीकडं चूल. मधे सासू. सासू एके काळी नावाजलेली गोंदणारी. आता तिचे हात कापायचे. तिच्या हातात बशी दिली की नुसती खडखड. तोंडाचा पट्टा मात्र जसाच्या तसा.

"आलीस हात हलवत?" सासू म्हणाली. "मला नेऊन सोड तिथं. मी बोलावते त्याला. माझी हाक आहे त्याच्यात. तू वरून गिरवलंस म्हणून खालची शाई जात नसते."

"काल दिवसभर बोलावलंत की, आई. मातीतून जात नाही."

"तुझी जात नाही. आईची जाते."

 काडीनं काजळी खलायला घेतली. मग पाटावर बसून डावी बाही दंडापर्यंत सारली.

सासूनं बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही, आयुष्य त्यातच गेलेलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ह्या हातावर आपली चूल पेटते. हात घालवशील. आणि खाली जाऊन तूही तिकडचीच झालीस तर? मी म्हातारीनं कुणाकडे बघायचं?"

"खरवडण्याचा आवाज खाली चाललाय, आई."

 सासूचे कापरे हात क्षणभर थांबल्यासारखे वाटले.

"खाली?"

"खाली."

म्हातारी सरकत पाटाशी आली आणि सुनेच्या हाताची कातडी दोन्ही अंगठ्यांनी ताणून धरली. "शेपटीकडून घे," ती म्हणाली. "मान वर काढ तिची, नाहीतर परतीची वाट विसरते. आणि घाई करू नकोस. घाईची घूस आंधळी निघते."

काडीनं स्वतःच्याच हातावर टोचायला सुरुवात केली. दुसऱ्याला टोचताना ती नेहमी म्हणायची, मुंगी चावल्यासारखं वाटेल. साफ खोटं होतं ते. कातडीखाली निखारा फिरवल्यासारखं होत होतं. म्हातारीचे अंगठे कापत होते, त्यामुळं एका मिशीला जरा वाक आला. बाकी घूस झकास उतरली. ठेंगणी, जाड मानेची, पंजे रोवलेली. फक्त डोळ्याच्या जागी कोरी कातडी.

तो स्वतःचा स्वतः उघडता येत नाही.

"काय म्हणू?" सासूनं सुई घेतली. सुईचं टोक भिरभिरायला लागलं.

"काडी म्हणा. सगळे म्हणतात तेच."

"मी तुला काडी कधी म्हटलंय?"

"नाही. तुम्ही 'अगं ए' म्हणता. पण 'अगं ए'ला अर्धी वस्ती वळेल."

म्हातारीला एवढ्यातही हसू आलं. हसता हसता डोळे भरले. काडीनं उजव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं, सुई जागेवर आणली. बाहेर बोगद्याकडून कुणीतरी ओरडलं, माती परत सरकली म्हणून. म्हातारीची मान तिकडं वळली, चेहरा पिळवटला, आणि सुई टेकली तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघाला,

"बाळा..."



"काय म्हणालात?"

"काडीच म्हणणार होते गं," म्हातारी पुटपुटली. "माझ्या मनात तो होता. त्याचा डोळा उघडला तीच हाक निघाली. मेलं माझं तोंड."

आयुष्यभर लोकांना डोळे उघडायला शिकवलेली बाई, आणि आज चुकली. पुसायची सोय नाही. वर्षभर नाही. काडी त्या काळ्या टिपक्याकडे बघत राहिली. ह्या धंद्यात एक गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक असते. ज्या नावाला मन वळत नाही, त्या नावाला जनावरही वळत नाही. आणि काडीला बाळा म्हणणारं आजवर कुणी नव्हतंच. ती काकूच्या घरी वाढलेली. तिथं तिला 'ही' म्हणायचे. ही जेवली का, हिला झाडायला सांगा.

"राहू दे," ती उठत म्हणाली. "बांधली ती बांधली. मी त्याच्यापाशी पोचले की त्याला हाक मारीन. तो माणसात आला की मीच त्याला उकरत वर आणते. वर आल्यावर दोरीला हिसका देईन, तेव्हा तुम्ही मला बोलवा. त्याआधी नाही हं, आई. त्याआधी मेले तरी नाही."

"आणि तू वळली नाहीस तर?"

"तर मग तुम्हाला घूस पाळावी लागेल. दाणे टाकत जा."

बोगद्यापाशी मुकादमानं तिचा हात बघितला आणि अडवायला पुढं केलेला स्वतःचा हात मागं घेतला. पहिलवानानं तिच्या कमरेला दोरी बांधली. तीनतीनदा गाठ ओढून बघितली, शेवटी तीच ओरडली, "अहो भाऊजी, श्वास घेऊ द्या!" म्हातारीला फटीपाशी एका उलट्या पाटीवर बसवलं. काडीनं मनगटाला थुंकी लावली, चोळली, आणि डोकं आत घातलं.

आधी नुसतीच भीती होती. मग नखांना माती गोड लागायला लागली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या घुशी गोंदल्या, पण कुणी म्हणालं नव्हतं की माती बोलते. ही कोरडी, ही ओली, इथं दगड आहे, डावीकडनं जा. अंधार राखाडी झाला. खांदे आपोआप आत वळले. ती उकरत होती, मागं ढकलत होती, उकरत होती. वास आला. घाम, लोखंड, आणि त्याखाली तो. ती वासामागं सुटली.

ताजं गोंदण डोक्यात लवकर चढतं, म्हणून जाता जाता ती स्वतःशी घोकत होती. मी काडी. मी गोंदते. काजळीची वाटी खिडकीखाली. त्याची हाक, ए आळशा. मी काडी. मी गोंदते. वाटी... वाटी कुठं? खाली कुठंतरी. खाली छान आहे. खाली गार आहे.

तो सापडला तेव्हा तो एका गोल पोकळीत होता. सदरा फाडून त्याच्या चिंध्यांचं घरटं केलं होतं त्यानं. अंगाचं मुटकुळं करून बसलेला. चेहरा त्याचाच, पण तिच्याकडं बघणारं त्यात कुणी नव्हतं. त्यानं दात दाखवले.

तिनं तोंड उघडलं. हाक मारायची होती. एक शब्द होता. छोटासा. रोजचा.

तो शब्द तिला सापडेना.

तिच्या घशातून नुसतं चिरकणं निघालं. तो मागं सरला. ती परत चिरकली. कशासाठी आलोय तेच निसटत चाललं होतं. घरटं ऊबदार होतं. जागा होती दोघांना. तिनं पाय पोटाशी घेतले.

आणि मागं, ती आली त्या वाटेवर, सगळंच्या सगळं धाडकन बसलं.

वर फटीपाशी जमीन खचली. दोरी एकदम ताणली आणि सैल पडली. म्हातारीला काय सांगितलं होतं, मेले तरी बोलवायचं नाही. पण आईचा जीव. की सासूचा. तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही की तिनं त्या वेळी कुणाला बोलावलं. ती फटीत तोंड घालून ओरडली,

"बाळाऽऽऽ!"

दोरीभोवती मूठभर पोकळी उरली होती. तेवढ्यातून ती हाक घरंगळत खाली आली आणि काडीच्या हातावर येऊन आदळली.

कोण म्हणतं जनावर वळत नाही. जन्मभर ह्याच शब्दाची वाट बघत बसल्यासारखी तिची घूस एका दमात झोपली. नखं पातळ झाली. राखाडी अंधार काळाकुट्ट झाला. आणि काडी माणसात आली. डोंगराच्या पोटात, वाट बुजलेली, बोटांनी चिमूटभर माती निघेना. गोंदण असं हाकेनं झोपलं की उद्यापर्यंत कितीही चोळा, जागं होत नाही.

तिची पाचावर धारण बसली. आणि त्याच वेळी तो शब्दही सापडला. आळशा. जिभेवर येऊन बसला.

तिनं श्वास घेतला, आणि तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

हाक मारली तर तो येईल. माणूस होऊन येईल. तिला मिठी मारेल, म्हणेल, आग लागलीय का कुठं? आणि मग दोघंही इथंच. चार मऊ हात आणि वर अख्खा डोंगर. उकरणारं ह्या भोकात आता एकच होतं, आणि ते तिला ओळखत नव्हतं.

तिला ओरडावंसं वाटत होतं. इतकं, की तिनं स्वतःचा तळहात चावला.

वरून परत आलं, "बाळाऽऽ! बाळा रे! बाळा गं!" म्हातारी वेडीपिशी झाली होती. अंधारात काडीला हालचाल जाणवली. तो उठला होता. त्याची मान आवाजाकडं वळली होती. ती हाक त्याला माणसात आणण्याएवढी उरली नव्हती, वरून दुसरी गिरवली होती ना. पण खालची शाई जात नसते. म्हातारी खरंच बोलली होती.

त्यानं वरच्या मातीत पंजा घातला.

काडीनं चाचपडत त्याचा घोटा पकडला. त्यानं लाथ मारली, तिच्या गालफडावर बसली. तिनं सोडलं नाही. तो उकरायला लागला. माती तिच्या तोंडात, नाकात, डोळ्यांत. तिनं डोळे मिटले, ओठ मिटले, तो शब्द दाताखाली धरला. मधेच वरचा आवाज थांबायचा, तो लगेच थांबायचा, खाली वळायला बघायचा. ओरडा, आई, ओरडा, काडी मनात म्हणायची. थांबू नका. वरून परत यायचं, "बाळा..." दर वेळी जास्त फाटलेलं, जास्त बारीक. शेवटी तर नुसती हवा येत होती, शब्दाच्या आकाराची.

मग उजेड.

पहिलवानानं दोघांना बगलेत धरून ओढून काढलं. लोक ओरडत होते, मुकादम रडत होता. काडीला कुणी पाणी देत होतं. तिनं ते हातानं सारलं. तो कुठाय?

तो उजेडाला घाबरून मातीच्या गाडीखाली शिरला होता. कोपऱ्यात मुटकुळं. लोक जवळ गेले की दात.

"ए आळशा!" काडी म्हणाली.

काही नाही.

"ए आळशाऽऽ!"

ती गाडीखाली सरपटली. त्याचं मनगट अलगद पकडलं. दगडांनी सोललेलं. घुशीचा डोळा अर्धा खरवडून गेलेला. अर्ध्या डोळ्यात हाक पोचणार किती? तिनं अंबाड्यातली सुई काढली, कुणाला तरी घराकडं पिटाळून काजळी आणवली, आणि टोक टेकवलं. शाई आत गेलीच नाही. कातडीवर थेंब धरून उभी राहिली आणि ओघळून गेली. अळवावरच्या पाण्यासारखी. तिनं परत टोचलं. परत ओघळली.

तिचा हात गेला होता. माहीतच होतं तिला. पण माहीत असणं वेगळं.

म्हातारी दोन बायकांच्या आधारानं आली, गाडीशेजारी मातीत बसली. तिनं सुनेच्या हातातून सुई घेतली, तोंड उघडलं, आणि बंद केलं. आवाजच नव्हता. घशात काही उरलंच नव्हतं. मुक्यानं डोळा उघडून काय उपयोग? 

काडी हाका मारत राहिली. मोठ्यानं, हळू, शिव्या घालून, विनवून. ए आळशा. ए ऐतखाऊ आळशा. अरे, सगळं जग उठलं रे, आळशा. बायका हळूहळू पांगल्या, त्यांना बघवेना. पहिलवान पाठ करून उभा राहिला. ऊन गाडीच्या चाकावरून खाली उतरलं. काडीचा आवाजही आता म्हातारीच्याच वाटेनं चालला होता, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं की आपण घरी घूस नेणार आहोत. दाणे टाकत जाऊ.

"आळशा," ती म्हणाली. आता त्यात हाकेसारखं काही नव्हतंच.

त्यानं हात हलवले. ती दचकून मागं सरली, पंजा मारेल म्हणून.

त्यानं दोन्ही हात डोक्यामागं नेले. आणि तोंड उघडलं, दात दाखवायला नाही, नुसतंच, मोठं, आणखी मोठं, आणि आतून तो सूर निघाला. घोगरा, मातीनं भरलेला, पण लांबलचक.

"हाऽऽ..."

डोळे तसेच होते. परके. तिच्यावर ठरत नव्हते. घूस जांभई देते का, काडीला आठवेना. एवढ्या घुशी गोंदल्या आणि ते कधी कुणाला विचारलंच नाही.

म्हातारीनं मागून तिचा खांदा गच्च धरला. काडीनं वळून बघितलं. म्हातारीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण पहिला शब्द काडीच्या हाताला आधी कळला, नंतर डोळ्यांना.

बाळा. परत.

काडीनं छाती भरून श्वास घेतला आणि परत हाक मारली.